अकराशेची मॅट, पाच दिवसांचा योग

पत्र थोडक्यात असं:

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली चोवीस वर्षांची मुलगी. शाळा दहावीपर्यंत मराठी, पुढं बी.कॉम. गेलं वर्षभर बेळगावात वडगावला मावशीकडे राहून सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करते. घराच्या पुढच्या सोप्यात काकांचे दोन यंत्रमाग आहेत. ती लिहिते, "पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मन कुठल्या कुठं जातं. एकच पान चारदा वाचते. जास्त करून कन्नडमधलं वाचताना होतं. रात्री बारा-साडेबारापर्यंत बसते तरी काही डोक्यात राहत नाही, संध्याकाळी डोकं जड होतं. मैत्रीण म्हणाली, योग कर, एकाग्रता वाढते. जूनमध्ये मोबाइलवर बघून सुरू केला. पहाटे साडेचारला उठून २४ सूर्यनमस्कार आणि ५०० कपालभाती. अकराशे रुपयांची मॅटपण घेतली. पाचव्या दिवशी जिना उतरता येईना, बंद पडलं. गणपतीनंतर पुन्हा केला, चार दिवस. डोळे मिटून बसले की मन आणखीनच पळतं. मावशी म्हणते, 'कशाला गे हे, नुसतं बसून काय व्हायचंय?' ताई, माझं मनच कच्चं आहे का? एकाग्रतेसाठी नेमकं कोणतं आसन करू? किती दिवसांत फरक पडेल? क्लास लावू का? महिन्याला आठशे रुपये म्हणतात."

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, आणि रेघ मारली गेली ती एकाच शब्दाखाली. 'कच्चं'. आसन कोणतं, क्लास लावायचा का, किती दिवस लागतील, सगळ्याची उत्तरं देते. पण आधी हा शब्द निकालात काढू.

तूच लिहिलं आहेस की पुस्तक मिटतं बारा-साडेबाराला. आणि योगासाठी उठत होतीस साडेचारला. म्हणजे झोप चार तास. मोठ्या माणसाला निदान सात तास तरी झोप लागते. चार तास झोपलेल्या माणसाचं मन दहा मिनिटांत पळालं तर नवल नाही, ते बिचारं डुलकीला जागा शोधत असतं. पहाटेची वेळ चांगली हे मलाही मान्य आहे, पण साडेचारला उठायचं तर साडेनऊला दिवा मालवायला हवा, आणि मागवाल्यांच्या घरात ते कितपत जमतं ते तुला माहीत. तेव्हा सकाळी सातला कर, नाहीतर संध्याकाळी सहाला कर. पोट रिकामं असावं एवढी एकच अट. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत, चहा-बिस्किटानंतर तासभर.

आता ती ओळ, जी तू जाता जाता लिहून टाकलीस. 'जास्त करून कन्नडमधलं वाचताना होतं.' इथं मी थांबले.

दहावीपर्यंत तुझा इतिहास, भूगोल, गणित सगळं मराठीतून झालं. कन्नड होतं, पण एक विषय म्हणून. आता त्याच लिपीत तुला राज्यघटना वाचायची आहे, आणि सक्तीचा कन्नड पेपर आहे तो वेगळाच. ओळीखाली लोंबणारी ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, ओळखायची, शब्द जुळवायचा, मनातल्या मनात त्याचं मराठी करायचं आणि मग कलम ध्यानात ठेवायचं. अभ्यासिकेत तुझ्या शेजारी बसलेली धारवाडकडची मुलगी यातलं शेवटचं एकच काम करते. ती दोन तास सलग बसली आणि तू वीस मिनिटांत दमलीस, तर यात तुझ्या मनाचा कच्चेपणा कुठून आला? तू डोक्यावर चार घागरी घेऊन चालतेस आणि एक घागर घेतलेल्या बाईशी आपली चाल ताडून बघतेस. आपल्याकडच्या मराठी घरांतल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. तुझा पेपर तोवर थांबणार नाही.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. उद्या मराठी पेपरातला अग्रलेख आणि आतलं पान घे, घड्याळ लावून वीस मिनिटं वाच. शेजारी वही ठेव. मन भटकलं असं लक्षात आलं की समासात एक टिंब काढायचं, स्वतःला शिव्या न देता परत वाचायला लागायचं. परवा त्याच वेळी, त्याच जागी, कन्नड पुस्तक वीस मिनिटं. दोन्ही दिवसांची टिंबं मोज. मराठीत चार आणि कन्नडमध्ये चौदा आली, तर तुझ्याकडे एकाग्रता आहे, ती भाषेच्या कामाला लागली आहे. मग औषधही वेगळं. कन्नडचं पान मोठ्यानं वाचायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाय मोकळे करायचे, रोज थोडं. योग त्या वाचनाला मदत करेल, त्याची जागा घेणार नाही. दोन्हीकडे सारखीच टिंबं आली तर पुढचं सगळं तुझ्यासाठीच आहे. आणि खरं सांगायचं तर तसं नसलं तरी आहे.

आणखी एक तपासणी राहिली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एकदा हिमोग्लोबिन बघून घे. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली नऊ-दहावर हिंडत असतात, दमणूक हीच आपली तब्येत समजून. जमलं तर थायरॉइड आणि बी-१२ पण बघ. आणि संध्याकाळी डोकं जड होतं म्हणतेस, तर डोळ्यांचा नंबरही. चष्म्यानं सुटणारी अडचण ध्यानानं सोडवायला बसू नये.

यात मी योगापासून दूर गेले असं वाटेल, पण पतंजलींनी योगसूत्रात चित्त विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांची जी यादी दिली आहे त्यात पहिलंच नाव व्याधी आहे. संशय आहे, आळस आहे. आणि यादीतले शेवटचे दोन ऐक. पायरी न मिळणं, आणि मिळालेली पायरी न टिकणं. तुझे जूनमधले पाच दिवस आणि गणपतीनंतरचे चार दिवस दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलेत. तेव्हा ही काही तुझ्या एकटीची खोड नाही.

कोणतं आसन एकाग्रता वाढवतं, हा प्रश्न मला महिन्याला दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या मनात गोळ्यांचं दुकान असतं. गुडघ्याला अमुक, साखरेला तमुक, अभ्यासाला हे. तसं नाही ते. योगसूत्रात आसनावर सूत्रं आहेत तीन, आणि त्यातलं पहिलं सांगतं की बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, 'स्थिरसुखमासनम्'. आठ अंगांत आसन तिसरं आणि धारणा, म्हणजे मन एका ठिकाणी बांधणं, सहावं. मध्ये श्वास आहे, इंद्रियं आवरणं आहे. शरीर स्वस्थ बसायला लागलं की मनाला पळायची कारणं कमी होतात, असा तो क्रम आहे. तू मात्र एकदम २४ सूर्यनमस्कार घातलेस. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, तो शाळाशाळांतून नेला तो बलोपासनेसाठी. पण वर्षभर खुर्चीत बसलेल्या मांड्यांना पहिल्याच दिवशी २४? जिना उतरता येईना यात नवल काय!

कपालभातीचंही तसंच. हठयोगप्रदीपिकेत ती प्राणायामात येत नाही, धौती-नेतीच्या रांगेत येते, शरीर साफ करायच्या सहा क्रियांपैकी एक म्हणून. मोबाइलवर बघून पाचशेचा आकडा गाठण्याची ती गोष्ट नव्हे. रक्तदाब, हर्निया, पोटाचं ऑपरेशन, पाळीचे दिवस, गरोदरपण असताना तर अजिबात नको. तू सध्या ती सोडून दे, काही बिघडत नाही. त्याच ग्रंथात योग कशानं नासतो याची सहा कारणं सांगितली आहेत. त्यात एक आहे अतिश्रम आणि एक आहे नियमाग्रह, म्हणजे नियमाला धरून बसण्याचा हट्ट. साडेचार म्हणजे साडेचारच, चोवीस म्हणजे चोवीसच. आपल्याकडे हट्टाला निष्ठा म्हणायची पद्धत आहे, त्यात बऱ्याच जणांचं पाचव्या दिवशी बंद पडतं.

डोळे मिटले की मन आणखीनच पळतं, असं लिहिलंस. घरात चार माणसं बोलत असली की मोरीतल्या नळाची टिपटिप ऐकू येत नाही. रात्री सगळे झोपले की तीच टिपटिप कानात घुमते. नळ तेवढाच गळत असतो. तुझ्या मनाचंही तेच झालंय. ते दिवसभर पळतच होतं, तुला पहिल्यांदा ऐकू आलं. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी योगाला गेले, कंबर धरली होती म्हणून. पहिल्या दिवशी शवासनात सर म्हणाले, श्वासाकडे लक्ष द्या. मी दहा मिनिटं गॅस बंद केला होता का याचाच विचार करत पडून राहिले, आणि वर्ग सुटल्यावर घरी जवळजवळ पळत गेले. गॅस बंद होता.

एकदा काकांच्या मागापाशी निवांत उभी राहा. धोटा इकडून तिकडं धावतोय, आणि मध्येच ताण्यातला एक धागा तुटतो. काका काय करतात? माग थांबवतात, तुटलेलं टोक शोधतात, दोन बोटांत धरून गाठ मारतात, फणीतून ओढून घेतात आणि माग चालू करतात. दिवसाकाठी असं किती वेळा होतं ते विचार त्यांना. ते मागाला कधी कच्चा म्हणालेत? चिडलेले तरी दिसतात का? एकाग्रतेचा सराव म्हणजे हाच उद्योग. लक्ष श्वासावर ठेवलं, तुटलं, तुटलेलं कळलं, जोडलं. मेहनत आहे ती या जोडण्यात. दहा मिनिटांत मन तीस वेळा गेलं आणि तीस वेळा आणलंस तर त्या दिवशी तू तीस गाठी मारल्यास. लोक मात्र समजतात की धागा तुटलाच नाही तो दिवस चांगला, आणि तुटायला लागला की उठून जातात.

बरं, आता करायचं काय ते सांगते. पंधरा मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, पहिले तीन आठवडे एवढंच. जास्त करावंसं वाटलं तरी नाही.

सुरुवातीला दोन मिनिटं नुसती उभी राहा. ताडासन. पावलं जवळ, वजन टाचेवर किती आणि चवड्यावर किती ते बघायचं. बहुतेकांचं एका पायावर जास्त असतं, तुझं कोणत्या पायावर ते शोध. मग हात वर, श्वास सोडत खाली, चार-पाच वेळा. मग गुडघ्यांवर आणि तळव्यांवर येऊन मार्जारासन. श्वास घेताना पाठ खोल, सोडताना मांजरासारखी कमान, सहा-सात वेळा. दिवसभर पुस्तकावर वाकलेल्या पाठीला याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

नंतर वृक्षासन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू विचारलंस ते 'नेमकं आसन' द्यायचंच झालं तर मी हे देईन. भिंत उजव्या हाताला टेकेल अशी उभी राहा. समोर नजरेच्या उंचीवर एक खूण निवड, कॅलेंडरमधली एखादी तारीख, भिंतीतला खिळा. आता डावा पाय उचल आणि तळवा उजव्या पोटरीला आतून लाव. गुडघ्याच्या सांध्यावर लावायचा नाही, त्याच्या खाली किंवा जमलं तर वर मांडीला. नजर खुणेवर. भिंतीचा हात हळूच सोड, नको वाटलं तर ठेव. पाच श्वास. आता गंमत बघ. 'परवाच्या टेस्टला काय होणार' एवढा विचार मनात आला की घोट्याशी बारीक थरथर सुटते, अंगठा जमीन चाचपायला लागतो, आणि विचाराच्या मागं दोन पावलं गेलीस की पाय खाली. मन पळाल्याची पावती इतक्या लगेच दुसरीकडे कुठं मिळत नाही. पुस्तकासमोर तर पान उलटेपर्यंत कळतसुद्धा नाही. पडलं तर हसून परत लाव. मग भिंतीकडची बाजू बदलून दुसरा पाय. एका पायावर बरं जमतं, दुसऱ्यावर नाही, असं सगळ्यांचंच असतं.

मग बैठक. पद्मासन नको, तो हट्ट सोड. दोन चादरींची घडी करून बैठकीखाली घे म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. तरीही पायाला मुंग्या आल्या तर खुर्चीवर बस, तळपाय जमिनीला टेकलेले. श्वास नाकानं चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. रोखायचा नाही, ताणायचा नाही. घशात ओढ जाणवली तर तीन-चार कर. चार आणि सहा म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एरवी आपण बारा ते वीस घेतो. सोडणं लांबलं की नाडी संथ होते, अंग सैल पडतं. प्रत्येक सोडलेल्या श्वासाला एक आकडा दे, एक ते दहा. मध्ये हरवलीस तर परत एक. सातच्या पुढं जायला मला स्वतःला महिना लागला होता. एकदा तेवीसपर्यंत जाऊन पोचले आणि मग लक्षात आलं की मोजणी चालू आहे, मी कुठंच नाही.

शेवटी चार-पाच वेळा भ्रामरी. ओठ मिटून, दात सैल ठेवून, श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. तुझ्या घरात माग चालू असतात म्हणून हे मुद्दाम सांगते. बाहेरच्या खटखटीशी भांडत बसण्यापेक्षा आतला आवाज मोठा करणं सोपं. शिवाय कुणाला ऐकू जाऊन हसू होण्याची भीतीही नाही. वडगावात लाईट गेली की अचानक जी शांतता पसरते, ती मिळाली तर सोडू नकोस, हातातलं टाकून दोन मिनिटं बस.

मग तीन-चार मिनिटं शवासन. त्यात रोज घोरायला लागलीस तर तो योगातला दोष नव्हे, झोपेची थकबाकी आहे, रात्री लवकर झोप. उठल्यावर मोबाइल हातात घेऊ नकोस. दिवसातलं सगळ्यात अवघड कन्नड पान त्या वेळेसाठी राखून ठेव आणि लगेच वीस मिनिटं वाच. मी हे एवढं जोर देऊन सांगते कारण लोक योग करतात एकीकडे, अभ्यास दुसरीकडे, मध्ये अर्धा तास रील बघतात आणि मग विचारतात फरक का पडत नाही.

तीन आठवड्यांनी दोन सूर्यनमस्कार घाल, मग चार. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत फक्त बैठक आणि शवासन केलंस तरी चालतं.

किती दिवसांत फरक? जे अभ्यास झाले आहेत त्यांत लक्ष टिकण्यावर योगाचा फायदा दिसतो, पण तो माफक असतो, आणि बरेचसे प्रयोग लहान गटांवरचे आहेत. 'एकवीस दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पतंजलींनी तर आकडाच दिला नाही. दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं केलं तर पाया पक्का होतो, एवढंच म्हणाले. मी तुला आठ आठवडे देते. दर रविवारी वीस मिनिटांची टिंबं मोज आणि वहीत तारखेसह लिही. पहिल्या दोन रविवारी टिंबं वाढलेली दिसली तर घाबरू नकोस, निसटणं आता तुला लवकर कळतंय.

क्लासबद्दल. आठशे रुपये ही तुझ्यासाठी लहान रक्कम नाही, तेव्हा आधी एक दिवस जाऊन नुसती बघून ये. शिकवणारा पहिल्याच दिवशी तुझी दुखणी विचारतो का? वर्गात फिरून लोकांची पावलं बघतो का, की पुढं उभा राहून स्वतःच सगळं करून दाखवतो? कुणाच्या पाठीवर जोर देऊन वाकवत असेल तर तिथूनच परत ये. दोन महिने चांगल्या माणसाकडे शिकून पुढं घरी करणं, हे वर्षभर वाईट क्लासला जाण्यापेक्षा स्वस्त आणि बरं. पैसे नसतील तर घाई नाही, वर सांगितलेलं एकटीनं करण्यासारखं आहे.

आणि सूचना कन्नडमध्ये असतील म्हणून मागं हटू नकोस. माझ्या पहिल्या वर्गात सगळं कन्नडमध्येच चालायचं. 'उसिरु बिडि', श्वास सोडा. 'निधान, निधान.' मला वाटायचं सर कसल्या ठेव्याबद्दल बोलतात. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, हे शेजारच्या अक्कांनी सांगितलं. तुला तर दुहेरी फायदा, तास योगाचा आणि कान कन्नडचा.

भाषेच्या बाबतीत आणखी एक जण आठवतो. बी. के. एस. अय्यंगार जन्मले कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला, १९१८ साली. लहानपण मलेरिया, विषमज्वर, क्षय यांतच गेलं. १९३७ मध्ये हा अठरा वर्षांचा अशक्त मुलगा योग शिकवायला पुण्यात आला, मराठी येत नव्हतं, इंग्रजी तोडकंमोडकं. तू गेलीस त्याच्या उलट दिशेनं, कर्नाटकातून मराठी मुलखात. पुढं जन्मभर पुण्यातच राहिले आणि २०१४ मध्ये तिथंच गेले. शिकवताना भिंत, खुर्ची, दोरी, पट्टा, ठोकळा असं हाताशी येईल ते वापरणारे म्हणून ते ओळखले जातात, स्वतःचं आजारी शरीर घेऊन सुरुवात केलेली त्यांनी. भिंतीला हात लावलास म्हणून योग कमी होत नाही.

याच विषयावरची आणखी दोन पत्रं माझ्यापुढं आहेत, त्यांनाही इथंच सांगून टाकते. निपाणीच्या त्या बाईंना, ज्या दिवसभर मांडी घालून हजार विड्या वळतात आणि विचारतात ध्यानाला कसं बसू. तुम्ही बसूच नका. दिवसभर बसताच आहात. तुम्ही उभ्यानं ताडासन करा, भिंतीला पाठ टेकून खांदे मागं घ्या, आणि श्वास मोजायचे ते उताणं झोपून, गुडघे वाकवून. उद्यमबागेतल्या रात्रपाळीच्या दादांनी कामावरून आल्या आल्या करू नये, झोप काढून उठल्यावर करावं. आणि ज्यांना रक्तदाब किंवा काचबिंदू आहे त्यांनी डोकं खाली-पाय वर अशा आसनांच्या आणि श्वास रोखण्याच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

आता मावशी. तिला पटवायला जाऊ नकोस. 'मी योग करतेय' अशी दवंडीही नको, जूनमध्ये ती पिटलीस आणि पाचव्या दिवशी तोंड लपवावं लागलं. दार लोटून पंधरा मिनिटं, झालं. मावशी कधी डोकावलीच तर तिला शेजारी खुर्ची दे आणि भ्रामरी करायला लाव. बहुतेक मावश्यांना ती आवडते.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण याच वयाच्या इतर पत्रांत असते म्हणून विचारते. मन न लागण्याबरोबर सारखं रडू येणं, जेवण नको वाटणं, कशातच रस न उरणं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डोळे मिटून बसण्याआधी डॉक्टरांशी बोल. टेली मानस नावाची सरकारी मदतसेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि ती मॅट. पावसाळाभर कपाटावर गुंडाळून पडली असेल तर तिला आता बेळगावच्या पावसाचा वास लागला असणार. ओल्या फडक्यानं पूस, सावलीत दोरीवर दिवसभर टाक. उन्हात टाकू नकोस, रबर तडकतं. तोवर उद्याची सुरुवात जमखान्यावर कर. वृक्षासनाला तर तोही लागत नाही, फरशीच बरी.